टेस्टमध्ये पास, वॉर्डात पुन्हा झटका: आयसीयूतल्या झिणझिण्यांचा दोष कुठे शोधायचा

वाशीतल्या एका ३० खाटांच्या हॉस्पिटलात एकाच तक्रारीसाठी मला चार वेळा जावं लागलं. आयसीयूच्या सिस्टर दरवेळी एकच सांगायच्या, "मॅडम, चार नंबर बेडचा मॉनिटर हाताला झिणझिणतो."

पहिल्या वेळी मी तेच केलं जे आपल्यापैकी बहुतेक बायोमेडिकल इंजिनिअर करतात. मॉनिटर काढून वर्कशॉपमध्ये आणला आणि सेफ्टी ॲनालायझरला, म्हणजे विजेची सुरक्षितता मोजणाऱ्या यंत्राला लावला. केबलसकट अर्थचा रेझिस्टन्स ०.११ ओहम आला, मॉनिटरच्या धातूच्या बॉडीकडे जाणारं लीकेज (गळणारा करंट) १४२ मायक्रोअँपिअर, ईसीजीच्या वायरींमधून रुग्णाकडे जाऊ शकणारं लीकेज ४ मायक्रोअँपिअर. सगळं मर्यादेत होतं, म्हणून हिरवा स्टिकर लावून परत दिला. तीन आठवड्यांनी फोन आला. दुसऱ्या वेळी दुसऱ्या कंपनीचा मॉनिटर बसवला, तर पाचव्या दिवशी तोही झिणझिणायला लागला. त्याच क्षणी मला कळायला हवं होतं की दोष मॉनिटरमध्ये नाही. तिसऱ्या वेळी वायरमन काकांबरोबर भिंतीचं सॉकेट तपासलं. फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ १.२ व्होल्ट, म्हणजे सॉकेट ठणठणीत. काकांचं मत पडलं की अर्थिंगचा खड्डा सुकलाय. त्यांनी खाली जाऊन खड्ड्यात मीठ टाकलं, दोन बादल्या पाणी ओतलं आणि आम्ही सगळे समाधानाने घरी गेलो.

ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या हॉस्पिटलांत ही तक्रार मी इतक्यांदा पाहिली आहे, की तिच्यामागची गोष्ट सविस्तर लिहायलाच हवी असं वाटलं.

आधी झिणझिण्या येतात कुठून ते पाहू. हल्लीच्या जवळपास प्रत्येक उपकरणात एसएमपीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय असतो. त्याच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीकडे जाणारे छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. त्यांना वाय कपॅसिटर म्हणतात आणि त्यांचं काम विजेतला गोंगाट अर्थकडे वळवणं. २.२ नॅनोफॅरडच्या एका कपॅसिटरमधून आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर सुमारे १६० मायक्रोअँपिअर करंट सतत वाहतो. हा बिघाड नाही, उपकरणाची रचनाच तशी आहे. अर्थची वायर शाबूत असेल तर हा करंट गुपचूप तिच्यातून निघून जातो. ती तुटली की बॉडी अधांतरी राहते. दोन्ही कपॅसिटर सारखे असल्यामुळे बॉडीवर सप्लायच्या साधारण निम्मा, म्हणजे ११० व्होल्टच्या आसपासचा दाब दिसतो. टेस्टर मंद पेटतो, लोक म्हणतात "बॉडीला करंट उतरलाय", आणि ओल्या हाताने कुणी बॉडीला टेकलं की तोच करंट त्या माणसातून जमिनीकडे वाट काढतो.

म्हणून "झटका बसतो" ही तक्रार बहुतेक वेळा उपकरण बिघडल्याची नसते. उपकरणापासून भिंतीपर्यंतची अर्थची वाट तुटल्याची ती खूण असते. आपण मात्र उपकरण उचलून वर्कशॉपच्या चांगल्या सॉकेटवर नेतो, आणि तिथे ते पास होणारच असतं.

या ठिकाणी सर्वात जास्त काळजी घ्यायला हवी ती एका समजुतीची. "आता काही जाणवत नाही" म्हणजे धोका टळला, असं वॉर्डात सगळेच धरून चालतात. निरोगी माणसाच्या त्वचेला साधारण अर्ध्या ते एक मिलिअँपिअरच्या आसपास करंट जाणवायला लागतो. पण ज्या रुग्णाला तात्पुरत्या पेसमेकरची वायर थेट हृदयात आहे, किंवा सलाइनने भरलेली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतून घातलेली नळी) हृदयाजवळ पोचली आहे, त्याच्या बाबतीत त्वचेचं संरक्षणच उरलेलं नसतं. तिथे शंभर मायक्रोअँपिअरच्या आतबाहेरचा करंटही हृदयाची लय बिघडवू शकतो. सिस्टरचा एक हात मॉनिटरच्या बॉडीवर आणि दुसरा पेसिंग वायरच्या उघड्या टोकावर असला, तर तिला स्वतःला काहीही न जाणवता करंट तिच्यातून रुग्णाकडे जाऊ शकतो. म्हणूनच हृदयाशी थेट संबंध येणाऱ्या भागांसाठी, म्हणजे सीएफ प्रकारासाठी, आयईसी ६०६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने नेहमीच्या स्थितीत १० आणि एक दोष असताना ५० मायक्रोअँपिअर इतकी कडक मर्यादा घातली आहे. हृदयाशी थेट संबंध न येणाऱ्या बी आणि बीएफ प्रकाराला हीच मर्यादा १०० आणि ५०० आहे. आपली बोटं हे मीटर नाही. सिस्टरांनी तक्रार केली तर ती खरी मानायची, आणि तक्रार बंद झाली म्हणून काम संपलं असं मानायचं नाही.

तक्रार आली की मी आता कोणत्या क्रमाने जाते ते सांगते.

पहिलं काम रुग्णाचं. बेडवर पेसिंग वायर किंवा सेंट्रल लाइन असेल तर मॉनिटर आणि सिरिंज पंप बॅटरीवर घेऊन त्यांचे प्लग काढायचे. प्लग निघाला की मेन्सचं लीकेजही गेलं. व्हेंटिलेटरला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि बॅटरीची अवस्था पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही. पेसिंग वायरच्या टोकांना हातमोजे घालूनच स्पर्श करायचा आणि वापरात नसलेली टोकं झाकून ठेवायची, हे सिस्टरांना त्याच वेळी आठवण करून द्यायचं.

रुग्णाला धोका नाही याची खात्री झाली, की बाकी काहीही हलवण्याआधी मोजायचं. माझी सुरुवातीची चूक हीच होती. उपकरण हललं, केबल सरळ झाली, की दोषही लपतो. बेडमागच्या पॅनेलवरची इक्विपोटेन्शियल पिन (अर्थला थेट जोडलेली उघडी पिन) हा खात्रीचा अर्थ धरून उपकरणाच्या बॉडीपर्यंत एसी व्होल्ट मोजायचे. १०० च्या आसपास आले तर अर्थ तुटलेला आहे असं समजायचं. पण आकडा २३० च्या जवळ जायला लागला तर तिथेच थांबा, एमसीबी पाडा. तो कपॅसिटरचा करंट नाही, आतलं इन्सुलेशन फाटलं आहे, आणि त्यावर पुढची कोणतीही युक्ती करायची नाही.

निम्मा दाब असेल तर एक स्वस्त युक्ती आहे. बॉडी आणि अर्थ यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर धरायचा आणि त्याच्या दोन टोकांवरचे व्होल्ट मोजायचे. जितके मिलिव्होल्ट तितके मायक्रोअँपिअर. मानकातल्या मोजणी-सर्किटमध्ये माणसाच्या शरीराऐवजी १ किलोओहमच धरलेला आहे, फक्त त्याला एक फिल्टरही असतो. ॲनालायझर सोबत नसेल तेव्हा या युक्तीने अंदाज पक्का येतो. हे काम विजेचं प्रशिक्षण घेतलेल्यानेच करायचं. वॉर्डातल्या मामांना सांगून करून घ्यायचं नाही.

चौथ्या वेळी वाशीला गेले तेव्हा मी हेच केलं. बेडवर परत आलेल्या पहिल्या मॉनिटरच्या बॉडीवर रेझिस्टर लावून ०.४७ व्होल्ट आले, म्हणजे ४७० मायक्रोअँपिअर. आकडा पाहून मी दचकले, कारण वर्कशॉपमध्ये याच मॉनिटरचं लीकेज १४२ होतं. मग उरलेला करंट आला कुठून?

उत्तर ट्रॉलीखाली होतं. मॉनिटर, दोन सिरिंज पंप आणि सक्शन मशीन असं चौघांचं कुटुंब एका एक्स्टेंशन बोर्डावर बसलेलं होतं. नंतर प्रत्येकाचं लीकेज वेगळं मोजलं तर १४२, ८८, ९१ आणि १६५ आलं. बेरीज ४८६. प्रत्यक्षात ४७० मिळाले, कारण चौघांचे करंट नेमके एकाच क्षणी वर-खाली होत नाहीत. बोर्डाचा अर्थ तुटला की त्यावरच्या सगळ्या उपकरणांच्या बॉड्या एकमेकींना जोडलेल्या राहतात, पण जमिनीला नाही. मग जिला हात लागेल तिच्यातून सगळ्यांचा करंट एकदम बाहेर पडतो. बिचारा मॉनिटर फक्त हाताला सर्वात जवळ होता म्हणून बदनाम झाला. एकेकटं पाहिलं तर चारही उपकरणं उत्तम होती, पण त्या बोर्डावर आणखी एक फीडिंग पंप लावला असता तर एक दोष असतानाची ५०० मायक्रोअँपिअरची मर्यादा ओलांडली गेली असती.

आता प्रश्न असा, की तक्रार मधूनमधून का येत होती? सिस्टरांनीच धागा दिला. त्या सहज म्हणाल्या, "मॉनिटर भिंतीच्या रेलला लटकवलेला असतो तेव्हा काही होत नाही. पेशंट शिफ्ट करताना ट्रॉलीवर ठेवला की मग चावतो." भिंतीवरची धातूची रेल पॅनेलच्या अर्थला जोडलेली होती. मॉनिटर रेलला टेकला की त्याच्या स्टॅंडमधून अर्थ मिळायचा, आणि बोर्डाच्या मार्गाने बाकी तिघांनाही. ट्रॉलीच्या रबरी चाकांवर आला की तो आधार सुटायचा. दोष रोज होता, झाकला जायचा इतकंच. लॅन केबल, दुसऱ्या स्क्रीनची केबल, लोखंडी शेल्फ, हे सगळे असेच चोरवाटेने अर्थ देतात. टेस्ट करतानाही ते जोडलेले असले तर लीकेजचा आकडा खोटा कमी येतो. त्यामुळे लीकेजची टेस्ट घेताना उपकरण या सगळ्यांपासून सोडवून, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर ठेवायचं.

बोर्डाची केबल मी मल्टीमीटरने तपासली तर बीप आला. इथेच बरेच जण फसतात. मल्टीमीटर तपासणीसाठी अगदी नगण्य करंट सोडतो, त्यामुळे तांब्याची एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. ॲनालायझर निदान २०० मिलिअँपिअर सोडतो आणि उत्पादकाच्या कारखान्यातल्या टेस्टमध्ये तर २५ अँपिअर वापरतात. ॲनालायझर लावून केबल टोकापासून टोकापर्यंत हाताने वाकवत गेले. ०.१९, ०.१९, ०.२२, आणि प्लगपासून हातभर अंतरावर आकडा उडालाच. बाहेरचं आवरण नुसतं चपटं दिसत होतं. आत हिरवी वायर ट्रॉलीच्या चाकाखाली रोज चिरडून तुटली होती. केबल सरळ पडली की दोन टोकं टेकायची, वळली की सुटायची. केबल वाकवत मोजायची हे आयईसी ६२३५३ या मानकातही सांगितलेलं आहे, आणि घाईत सगळ्यात आधी गाळली जाते ती हीच पायरी.

६२३५३ चा उल्लेख झालाच आहे तर एक गोंधळ दूर करते. ६०६०१ हे मुळात उपकरण बनवणाऱ्यासाठी आहे, भारतात ते आयएस १३४५० म्हणून ओळखलं जातं. हॉस्पिटलमध्ये ठराविक काळाने आणि दुरुस्तीनंतर करायच्या टेस्टसाठी ६२३५३ आहे, २००७ साली पहिलं आलं आणि २०१४ ला सुधारलं. त्याप्रमाणे सुटणाऱ्या केबलसकट अर्थचा रेझिस्टन्स ०.३ ओहमपर्यंत चालतो, आणि अनेक सॉकेटांच्या बोर्डावर लावलेल्या संचाला ०.५ ओहमपर्यंत. म्हणजे मानक लिहिणाऱ्यांनाही बोर्डाची वाट ठाऊक आहे, आपल्या रजिस्टरमध्ये मात्र ती नाही. बाहेरच्या एजन्सीचा रिपोर्ट घेताना कोणत्या मानकाने, कोणत्या आवृत्तीने टेस्ट केली ते विचारा. ६०६०१ च्या दुसऱ्या आवृत्तीत अर्थ लीकेजची मर्यादा ०.५ मिलिअँपिअर होती, २००५ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती ५ झाली. एकच आकडा एका रिपोर्टात नापास आणि दुसऱ्यात पास दिसू शकतो.

रजिस्टरचा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. मॉनिटर बायोमेडिकलच्या यादीत असतो. भिंतीचं सॉकेट मेंटेनन्सवाल्यांचं. मधला एक्स्टेंशन बोर्ड कुणीतरी बाजारातून आणलेला असतो, त्याला नंबर नाही, टेस्टची तारीख नाही, मालक नाही. आम्ही चौघे-पाच जण दोन महिने त्या बोर्डाच्या दोन्ही बाजू तपासत राहिलो आणि बोर्ड कुणीच तपासला नाही, कारण तो कुणाच्याच कामात बसत नव्हता. आपल्याकडे सेक्टरमधल्या दुकानांच्या गाळ्यांत किंवा निवासी इमारतीच्या दोन मजल्यांत हॉस्पिटलं उभी राहतात. बेडमागे पुरेशी सॉकेटं नसतात, म्हणून बोर्ड येतात आणि वर्षानुवर्षं राहतात. घोडबंदर रोडवरच्या एका ठिकाणी तर बोर्डावर तीन पिनांची सॉकेटं होती आणि आत येणारी केबल दोन कोअरची, म्हणजे दोनच तारांची. तिथे अर्थ तुटला नव्हता, कधी नव्हताच.

याहून वाईट एक गोष्ट दोनदा सापडली आहे, आणि ती सापडली तर त्याच दिवशी काम थांबवून दुरुस्त करा. अर्थ मिळत नाही म्हणून कुणीतरी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थच्या टर्मिनलमध्ये तारेचा तुकडा टाकून देतो. झिणझिण्या लगेच बंद होतात, सगळे खूश होतात. पण ज्या दिवशी त्या सर्किटचा न्यूट्रल सुटेल, त्या दिवशी त्यावरच्या प्रत्येक उपकरणाच्या बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतील. ओळखायचं कसं? खऱ्या अर्थिंगमध्ये न्यूट्रल-अर्थमध्ये थोडा दाब असतो आणि त्याच सर्किटवर पाण्याची किटली किंवा असा मोठा भार लावला की तो वाढतो. भार लावूनही आकडा ०.० वरच चिकटून राहिला, तर सॉकेट उघडून बघा.

लाइट गेल्यावरच झटका बसतो अशी तक्रार असेल तर यूपीएसकडे जा. जनरेटरचा चार पोलचा चेंजओव्हर (मेन्सवरून जनरेटरवर नेणारा स्विच) मेन्सचा न्यूट्रलही तोडतो. त्या वेळात यूपीएसच्या आउटपुटचा न्यूट्रल अधांतरी राहिला तर न्यूट्रल-अर्थचा दाब बराच चढतो. हे काम यूपीएसवाल्यांचं, पण तो आकडा लाइट असताना आणि नसताना असे दोन्ही वेळा मोजून त्यांच्या हातात द्यायला हवा, नाहीतर ते येऊन "आमचं बरोबर आहे" सांगून जातात.

ऑपरेशन थिएटरमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सप्लाय जमिनीपासून वेगळा ठेवणारा) असेल तर फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थचे आकडे वेगळेच येतात. तिथे वरचे नियम लावू नका. तिथलं इन्सुलेशन मॉनिटर काय दाखवतंय ते पाहा.

पावसाळ्याबद्दल थोडं. आपल्याकडे खाडीची माती ओली आणि खारट. त्यामुळे अर्थिंगच्या खड्ड्याचं रीडिंग सहसा छानच येतं, आणि म्हणूनच झिणझिण्या आल्या की खड्ड्यात मीठ-पाणी ओतून फारसा फायदा होत नाही. तेच खारं पाणी आणि खारा वारा अर्थिंगच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पट्टीचे जोड, नटबोल्ट, सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या खात राहतो. दोष जमिनीखाली कमी आणि जमिनीवर जास्त असतो. सगळ्या प्रकारचे प्लग घेणारी ती युनिव्हर्सल सॉकेटं तर अर्थची पिन बऱ्याचदा नीट धरतच नाहीत. प्लग लावून हलकेच हलवून बघा, सैल वाटलं तर सॉकेट बदला. जून ते सप्टेंबरमध्ये उपकरणाचं लीकेज खरोखरच वाढलेलं दिसलं, म्हणजे मेच्या १४० चे जुलैत २६० झाले, तर तो अर्थचा प्रश्न नाही. आत ओल आहे, किंवा सिरिंज पंपाच्या प्लगच्या तोंडात सलाइन सुकून बसलं आहे. साफ करा, वाळवा, पुन्हा मोजा. आकडे लिहून ठेवले असतील तरच हा फरक दिसतो. नुसतं "पास" लिहिलेल्या फायलीतून काहीच कळत नाही.

वाशीच्या त्या हॉस्पिटलात पुढे काय केलं: बोर्ड त्याच दिवशी कापून टाकला, नुसता बाजूला ठेवला नाही, कारण बाजूला ठेवलेला बोर्ड दुसऱ्या बेडवर जातो. चार नंबरच्या बेडमागे वायरमन काकांनी चार नवीन १६ अँपिअरची सॉकेटं स्वतंत्र अर्थ वायर टाकून बसवली. काका स्वतःहून म्हणाले, "मॅडम, बाकीच्या बेडांचंही करू या, मी साहेबांशी बोलतो." ट्रॉलीसाठी बोर्ड लागतोच तिथे तो ट्रॉलीलाच स्क्रूने बसवला, केबल चाकांपासून वर बांधली, आणि त्याला बीएम-०६१ असा उपकरणासारखाच नंबर दिला. सुटणाऱ्या पॉवर केबललाही ज्या उपकरणाची ती आहे त्याचाच नंबर चिकटवला, म्हणजे कॉम्प्युटरची बारीक केबल मॉनिटरला कुणी लावली तर लगेच दिसतं. आयसीयूची टेस्ट मी आता वर्षातून दोनदा घेते, मेमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये, आणि ती उपकरण जिथे उभं असतं तिथेच, त्याच केबलने, त्याच बोर्डावर.

सिस्टरांच्या हँडओव्हर वहीत एक ओळ वाढवली आहे. झटका जाणवला तर उपकरणाचं नाव, ते रेलवर होतं की ट्रॉलीवर, लाइट होती की यूपीएस, आणि फरशी नुकतीच पुसलेली होती का, एवढं लिहायचं. मागच्या महिन्यात मावशींनी फरशी पुसताना दोन नंबरच्या सक्शन मशीनबद्दल सिस्टरांना सांगितलं आणि त्यांनी ते लिहिलं. मी गेले तर बोर्ड बीएम-०६४ ची अर्थ पिन प्लगमध्ये सैल झाली होती. दहा मिनिटांत काम झालं.